कोकणात स्पोर्ट्स कारला आफ्टरमार्केट इनटेक बसवताना: क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

गणपतीला मुंबई-पुण्याच्या गाड्या घाट उतरून खाली आल्या, की पुढच्या आठवड्यात रत्नागिरीतल्या आमच्या गॅरेजला दोन-तीन तरी अशा लागतात: बोनेटखाली चकचकीत पाइप, शंकूसारखा फिल्टर आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा. मालक सांगतो, "इनटेक टाकला आणि पिकअपच गेला." इनटेक म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारा पाइप आणि फिल्टर; आफ्टरमार्केट म्हणजे तो गाडीच्या कंपनीचा नाही, बाजारातून वेगळा आणलेला. किट बहुतेक वेळा चांगलं असतं. चुकलेली असते ती बसवणी, आणि त्याहून जास्त बसवणीच्या आधीची तयारी.

चुकाही ठरलेल्या आहेत. फिल्टर फार खाली बसवलेला असतो. सगळा पाइप जागेवर यायच्या आत क्लॅम्प आवळलेले असतात. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली तेलाची वाफ परत इनटेकमध्ये नेणारी, नळी उघडी सोडलेली असते. सेन्सरला बोटं लागलेली असतात. यातली एकही चूक दुरुस्त करायला अवघड नाही, पण पहिली चूक भर पावसात इंजिन घेऊन जाते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. पेट्रोल गाडी धरून लिहिलंय. हात बसलेला असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. पहिल्यांदाच करत असाल तर अख्खा रविवार मोकळा ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगतो. नुसत्या इनटेकने ताकद फार वाढत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात फरक थोडाच पडतो, आवाज मात्र लगेच बदलतो. टर्बोच्या गाडीत पुढे ट्यूनिंग करणार असाल तर त्याचा खरा उपयोग होतो. हे मान्य असेल तरच पुढे चला.

## टप्पा १ : हवा कुठून घ्यायची ते ठरवा

किट मागवण्याआधी हा निर्णय झाला पाहिजे. बाजारात तीन प्रकार मिळतात.

पहिला शॉर्ट रॅम. यात आखूड पाइप असतो आणि फिल्टर इंजिनशेजारी उघडा. बसवायला सगळ्यात सोपा, पण तो बोनेटखालची गरम हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. हातखंब्याला दहा मिनिटं अडकलात की बोनेटखाली काय तापमान होतं, ते हात घालून बघितलेल्याला सांगायला नको. त्यात आपल्या दमट हवेत वाफेचा वाटा मोठा असतो. ३० अंशांना हवा पूर्ण ओली असेल तर आकारमानाच्या सुमारे ४ टक्के जागा वाफच खाते. म्हणजे इंजिनाला इथे आधीच हवा कमी मिळते. त्यात ती तापवून देण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रकार कोल्ड एअर इनटेक. लांब पाइप मडगार्डमध्ये किंवा बंपरच्या मागे खाली उतरवलेला असतो आणि फिल्टर तिथे टोकाला. कोरड्या मुलखात हा उत्तम. कोकणात मी तो बसवून देत नाही. कारण साधं आहे, पाणी दाबलं जात नाही. ५०० सीसीचा एक सिलिंडर आणि १०:१ कॉम्प्रेशन धरलं, तर पिस्टन वर आल्यावर शिल्लक राहणारी जागा साधारण ५५ सीसी असते. कटिंग चहाच्या ग्लासाहून कमी. तेवढ्यापेक्षा जास्त पाणी त्या सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पोर्ट्स कारचा बंपर मुळातच जमिनीला टेकलेला. त्याच्या मागे फिल्टर असेल तर रस्त्यावर वीतभर साचलेलं पाणीसुद्धा पुरे होतं, कारण पुढून आलेल्या एसटीची लाट त्या वीतभराची दोन वीत करते.

वाशिष्ठी आणि जगबुडीचं पाणी कसं चढतं, हे २२ जुलै २०२१ नंतर चिपळूण-खेडच्या कुणाला समजावण्याची गरज नाही. पण पूरच यायला हवा असं नाही. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीवर भरतीच्या वेळी गाडी चढवताना नाक खाली जातं आणि रॅम्पवरचं खारं पाणी बंपरच्या आत उडतं. एवढंही त्या खालच्या फिल्टरला लागतं.

तिसरा प्रकार बंद बॉक्सचा. फिल्टर मूळ एअर बॉक्सच्याच जागी झाकणबंद डब्यात बसतो आणि हवा मूळ तोंडातूनच, म्हणजे बहुधा ग्रिलच्या वरच्या कडेने, आत येते. महाग असतो, आवाज थोडा दबतो. किनाऱ्यावर गाडी वापरणाऱ्याने हाच घ्यावा.

तपासा: सपाट जागी गाडी उभी करा. कंपनीच्या एअर बॉक्सचं तोंड जमिनीपासून किती उंच आहे, ते टेपने मोजून लिहून ठेवा. नव्या इनटेकच्या तोंडाची खालची कड त्याहून एक सेंटिमीटरही खाली येता कामा नये. किटच्या चित्रावरून हे कळत नसेल तर विक्रेत्याकडून माप मागवा. माप मिळत नसेल तर ते किट सोडून द्या.

फिल्टरच्या कापडाबद्दलही इथेच ठरवा. तेल लावलेला कॉटन गॉजचा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, पण धुतल्यावर तो पूर्ण वाळल्याशिवाय तेल लावायचं नसतं. जुलैत आपल्याकडे टॉवेल दोन दिवस वाळत नाही, चार पदरी कापसाची घडी कशी वाळणार? तेल जास्त झालं तर ते पुढे जाऊन सेन्सरवर बसतं. म्हणून मी इथे कोरडा सिंथेटिक फिल्टर सुचवतो.

## टप्पा २ : मॅफ की मॅप, आणि पाइपचा व्यास

आत येणारी हवा मोजायच्या दोन पद्धती आहेत. मॅफ सेन्सर पाइपमध्येच बसतो आणि तापलेल्या बारीक तारेवरून किंवा पातळ पट्टीवरून जाणारी हवा मोजतो. मॅप सेन्सर थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पुढे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, बसून दाब मोजतो. काही गाड्यांत दोन्ही असतात. तुमच्या गाडीत काय आहे, ते किट घेण्याआधी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा.

मॅफ असेल तर पाइपचा आतला व्यास फार महत्त्वाचा. सेन्सरला सगळी हवा दिसत नाही. तो मधल्या एका भागातल्या हवेचा वेग पाहतो आणि कॉम्प्युटर मूळ व्यास धरून बाकीचा हिशोब करतो. समजा मूळ व्यास ७० मिमी होता आणि नवा पाइप ७६ मिमीचा आहे. क्षेत्रफळ जवळजवळ १८ टक्के वाढलं, त्यामुळे तेवढ्याच हवेचा वेग कमी झाला आणि सेन्सर सुमारे १५ टक्के हवा कमी सांगू लागला. कॉम्प्युटर त्याच प्रमाणात पेट्रोल कमी सोडतो. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो, पण पूर्ण रेस दिल्यावर बऱ्याच गाड्यांत ती दुरुस्ती चालत नाही, आणि इंजिनाला पेट्रोलाची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच असते. पेट्रोल पुरेसं नसलं की ज्वलन तापतं, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी खळखळ) सुरू होतं आणि पिस्टन जातात.

म्हणून व्हर्निअर कॅलिपरने जुन्या हाउसिंगचा आतला व्यास मोजा, नव्याचाही मोजा. फरक असेल तर रीट्यून, म्हणजे कॉम्प्युटरमधला हवा-पेट्रोलाचा हिशोब नव्याने बसवल्याशिवाय गाडी जोरात पळवायची नाही. "जाड पाइप म्हणजे जास्त हवा" हे ऐकून घेतलेली किट्स मी सर्वात जास्त वेळा परत काढली आहेत.

## टप्पा ३ : कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमचा बदल यात कुठे बसतो, ते आरटीओत जाऊन विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर लेखीच घ्या. पाणी जाऊन इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्शनचं जोड कव्हर लागतं. वॉरंटी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबलेलं बरं.

## टप्पा ४ : सामान, आणि आधीची नोंद

लागणारी हत्यारं: ८, १० आणि १३ च्या गोट्या (सॉकेट) आणि रॅचेट, टॉर्क्स बिटांचा संच, क्लॅम्पसाठी ७ आणि ८ चा नट ड्रायव्हर, चिमटा पक्कड, प्लास्टिकच्या क्लिपा उपटायची पट्टी, हेडटॉर्च. शिवाय स्वच्छ पांढरी फडकी, झिप लॉकच्या पिशव्या, मार्कर, मॅफ क्लीनरचा स्प्रे आणि ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि दोषांचे कोड वाचणारं यंत्र. ब्लूटूथचा साधा स्कॅनरही चालतो, फक्त फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो आहे तो आकडा, दाखवणारा हवा.

आणखी एक चुंबक घ्या, फ्रिजच्या दारावरचा असतो तसला. किटमधले क्लॅम्प एकेक करून त्याला लावा. पट्टी स्टेनलेसची असते, तिला चुंबक चिकटत नाही किंवा जेमतेम ओढ घेतो. पण स्क्रूला लावलात की पुष्कळदा टक्कन चिकटतो, कारण तो साधा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असतो. मिऱ्या किंवा मालवणसारख्या ठिकाणी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गाडी उभी राहत असेल, तर असा स्क्रू एका पावसाळ्यात गंजून आट्यांत धरतो. मग क्लॅम्प ना सुटतो ना आवळतो. स्क्रूसकट स्टेनलेस असलेले क्लॅम्प हार्डवेअरच्या दुकानात किंवा बोटीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. बंदरावरच्या दुकानात ३१६ ग्रेडचे मागा. ॲल्युमिनियमचा पाइप लोखंडी ब्रॅकेटला थेट लागत असेल तिथे मध्ये रबरी किंवा नायलॉनचा वायसर घाला. खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना खातात.

आता सगळ्यात जास्त वेळा गाळलं जाणारं काम. जुना एअर बॉक्स जागेवर असतानाच इंजिन पूर्ण गरम करा, स्कॅनर लावा आणि कागदावर उतरवून घ्या: आयडलिंगचा आरपीएम, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (आयडलला आणि २,५०० आरपीएमला वेगवेगळे), आत जाणाऱ्या हवेचं तापमान, आणि कुठला कोड आधीच पडलेला आहे का. गाडीत जुनी खोड असेल तर ती आधी काढा. ही नोंद नसेल तर नंतर दिवा लागल्यावर दोष इनटेकचा की आधीचाच, हे कुणीच सांगू शकत नाही.

मग किटचे सगळे भाग सतरंजीवर मांडून एकमेकांत हलकेच घालून पाहा. पाइपच्या आत हात फिरवा. वेल्डिंगचा मणी किंवा कापताना राहिलेली धातूची कड हाताला लागली तर पॉलिश पेपरने घासून पाइप धुवा आणि पूर्ण वाळवा. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्यात गेलेला टाचणीएवढा तुकडाही पाती मोडतो.

## टप्पा ५ : जुनं काढणं

इंजिन गार असू द्या, किमान दोन तास.

1. किल्ली बंद करून काढून घ्या, दोन-तीन मिनिटं थांबा, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये बॅटरी डिकीत असते. डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल तर केबल काढल्यावर डिकी लावू नका, नाहीतर ती उघडायलाच बॅटरी लागेल.
2. प्रत्येक नळी आणि वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, एक लांबून आणि एक जवळून. नळीला कागदी टेप लावून नंबर टाका.
3. सेन्सरचा कनेक्टर लॉक दाबून काढा. वायर धरून ओढायचा नाही. खाऱ्या हवेत प्लास्टिकचं लॉक ठिसूळ झालेलं असतं, हलक्या हाताने.
4. ब्रीदरची नळी, व्हॅक्यूमच्या नळ्या, मग थ्रॉटलकडचा क्लॅम्प, आणि शेवटी बॉक्सचे बोल्ट, या क्रमाने सोडा. बॉक्स आधी उपटला तर नळ्या ताणून तुटतात.
5. बॉक्स निघताक्षणी थ्रॉटलच्या किंवा टर्बोच्या तोंडावर स्वच्छ प्लास्टिक घालून रबर बँड लावा. आत फडकं कोंबू नका. ते आतच राहिलेली गाडी मी पाहिली आहे.

बॉक्स काढल्यावर त्याखालची जागा नीट बघा. आपल्याकडे गाडी मांगरात किंवा झाडाखाली उभी राहते. तिथे उंदरांनी सुकलेली पानं आणि नारळाच्या काथ्याचं घरटं केलेलं असतं आणि शेजारची वायर सोललेली असते. ते सगळं हाताने उचला. ब्लोअर मारून उडवलंत तर सरळ इंजिनाकडे जाईल.

जुना बॉक्स, बोल्ट, ग्रोमेट, सगळं धुऊन, वाळवून, एका खोक्यात बांधून नाव टाकून ठेवा. फेकू नका, विकूही नका.

## टप्पा ६ : सेन्सर हलवणं

मॅफ सेन्सर दोन छोट्या स्क्रूंनी बसलेला असतो. सरळ वर उचला. आतल्या तारेला किंवा पट्टीला बोट, फडकं, फुंकर, काहीही लागू द्यायचं नाही. मळलेला दिसला तर फक्त मॅफ क्लीनर मारा, वीतभरावरून आठ-दहा फवारे, आणि आपोआप वाळू द्या. कार्ब क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर चालत नाही.

नव्या पाइपमध्ये बसवताना सेन्सरवरचा बाण हवेच्या दिशेने, म्हणजे फिल्टरकडून इंजिनाकडे पाहिजे. ओ-रिंग जुनी, चपटी झालेली असेल तर नवी घाला. स्क्रू बोटांनी पूर्ण बसवून मग ड्रायव्हरने जेमतेम पाव फेरा द्या. मऊ ॲल्युमिनियमचे आटे गेले की पाइपच बदलावा लागतो.

सावधान: सेन्सर उलटा बसवला तरी गाडी सुरू होते. म्हणून बाण दोघांनी बघा, एकाने नाही.

## टप्पा ७ : बसवणी

या टप्प्यात घाई झाली की पुढचं सगळं बिघडतं. नियम एकच, सगळं सैल जोडायचं आणि शेवटी आवळायचं.

1. थ्रॉटलच्या तोंडावरचं प्लास्टिक काढा, टॉर्च मारून आत काही पडलं नाही ना ते पाहा, आणि सिलिकॉनची नळी दोन्ही क्लॅम्प सैल ठेवून चढवा. नळी कोरडी चढत नसेल तर कडेला पाण्याचं बोट फिरवा. ग्रीस किंवा तेल लावलंत तर दाबाखाली नळी निसटते.
2. पाइप नळीत घाला. दोन्ही बाजूंनी किमान २५ मिमी आत गेला पाहिजे. मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे नंतर सरकला तर कळेल.
3. ब्रॅकेटचे बोल्ट तीन-चार आटे धरतील इतकेच फिरवा.
4. बॉक्स किंवा हीट शील्ड बसवा आणि त्याची रबरी कड बोनेटला सगळीकडून टेकेल अशी लावा.
5. फिल्टर शेवटी.
6. ब्रीदरची नळी आता जोडा, आणि मॅफच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला. ती बाहेर सोडून तिच्या टोकाला छोटा फिल्टर लावायची पद्धत पडली आहे. मॅफच्या गाडीत त्यातून न मोजलेली हवा आत शिरते. शिवाय तेलाची वाफ तापलेल्या इंजिनावर पडत राहते. टर्बोच्या गाडीत डायव्हर्टर व्हॉल्व्हची (टर्बोचा जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेची) परतीची नळीही कंपनीने होती तिथेच परत जोडा.

आता अंतरं पाहा. पाइप आणि शेजारच्या कुठल्याही स्थिर भागात बोटभर, म्हणजे १५ मिमीच्या आसपास मोकळी जागा हवी, कारण रेस दिली की इंजिन रबरी माउंटवर डोलतं. बोनेटसाठी आमच्याकडची युक्ती शाडूची आहे. गणपतीच्या कारखान्यातून मूठभर शाडू आणा, भिजवून त्याच्या लाडवाएवढ्या गोळ्या पाइपच्या आणि बॉक्सच्या सगळ्यात उंच जागी ठेवा, वर प्लास्टिकचा तुकडा ठेवा म्हणजे बोनेटला चिकटणार नाही. बोनेट हळू लावा आणि उघडा. दबलेल्या शाडूची जाडी म्हणजे तिथलं खरं अंतर. ते १० मिमीहून कमी असेल तर ब्रॅकेट खाली घ्या. फक्त रबरी कड टेकायची आहे, धातू नाही.

अंतरं जमली की आवळायला घ्या: थ्रॉटलकडून सुरुवात, मग मधले जोड, मग ब्रॅकेट, शेवटी फिल्टर. नळी हाताने पिळून फिरत नाही आणि क्लॅम्पच्या पट्टीतून सिलिकॉन फुगून वर येत नाही, एवढं पुरे. स्क्रूचं तोंड वरून हात पोचेल असं ठेवा, उद्या तुम्हालाच लागणार आहे.

तपासा: काढलेले सगळे कनेक्टर "टक" आवाज येऊन बसले? फोटोतल्या प्रत्येक नंबरची नळी कुठेतरी जोडली गेली? बाकावर एखादा बोल्ट उरलाय? उरला असेल तर थांबा आणि त्याची जागा शोधा.

## टप्पा ८ : पहिलं स्टार्ट

बॅटरी जोडा. किल्ली ऑन करून अर्धा मिनिट तशीच ठेवा, मग स्टार्ट करा आणि पाच मिनिटं रेस न देता चालू द्या. बॅटरी काढल्यामुळे आयडलिंग सुरुवातीला थोडं वरखाली होईल, ते काही मिनिटांत बसतं. स्टिअरिंगचा दिवा लागला तर ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवल्यावर बहुतेक गाड्यांत जातो.

शिट्टीसारखा बारीक आवाज येत असेल तर जोड गळतो आहे. जागा सापडत नसेल तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपात धूर सोडून गळती बघायची तपासणी, करून घ्या. उदबत्ती फिरवून किंवा पेट्रोल, कार्ब क्लीनर मारून गळती शोधणारे आहेत. तापलेल्या इंजिनावर ते करू नका, आग लागते.

## टप्पा ९ : आकडे वाचा, मग गाडी न्या

इंजिन गरम झालं की जुन्या नोंदीचा कागद समोर घ्या. ट्रिम मूळ आकड्यापासून ५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. १० च्या वर गेली तर काहीतरी चुकलं आहे, आणि काय ते आकडेच सांगतात. आयडलला ट्रिम मोठी अधिक आणि २,५०० ला उतरून शून्याजवळ येत असेल, तर कुठूनतरी चोरून हवा शिरते आहे: नळी, ब्रीदर, ओ-रिंग. तेच आयडलपासून वरपर्यंत सारखीच अधिक राहत असेल, तर मॅफचा हिशोब चुकतो आहे, म्हणजे पाइपचा व्यास किंवा मळलेला सेन्सर.

कोड पडलाच तर: पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०१७२ म्हणजे जास्त. पी०१०१ किंवा पी०१०२ मॅफकडे बोट दाखवतात. पी०११३ आला तर बहुतेक हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर जोडायचा राहिलाय. कोड नुसता पुसून गाडी परत चालवू नका.

मॅप सेन्सरवाल्या गाडीत थ्रॉटलच्या अलीकडची गळती ट्रिममध्ये दिसत नाही. पण तिथून न गाळलेली धूळ मात्र शिरते. म्हणून तिची तपासणी वेगळी, खाली दिली आहे.

पहिली फेरी शांत रस्त्यावर २०-२५ किलोमीटर, अर्ध्या थ्रॉटलच्या आत. आम्ही रत्नागिरीहून हातखंबा करत पालीपर्यंत जातो, तिथे बोनेट उघडून सगळे क्लॅम्प आणि मार्करच्या खुणा बघतो, आणि सगळं जागच्या जागी असेल तरच पुढे साखरप्यावरून आंबा घाट चढतो. घाटात इंजिनावर सलग ओझं पडतं. सैल जोड तिथे उघडा पडतो. चढावर खळखळ ऐकू आली तर पाय काढा आणि गाडी सावकाश परत आणा.

सपाटीला ६०-८० च्या वेगात आत जाणाऱ्या हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण १० अंशांच्या आत असावं. २० च्या वर असेल तर बॉक्सची रबरी कड कुठेतरी उघडी आहे.

५०० किलोमीटरनंतर: फिल्टर काढा आणि बोटाला पांढरं फडकं गुंडाळून पाइपच्या आतून फिरवा. आपल्या रस्त्यांवर चिरेखाणीच्या गाड्यांमागे जांभ्याची तांबडी धूळ असते, पिठाहून बारीक. फडकं पांढरं राहिलं तर काम चोख. तांबडी रेघ उमटली तर फिल्टरच्या गळ्याचा क्लॅम्प नीट बसलेला नाही किंवा फिल्टरच बोगस आहे. ती धूळ सिलिंडर घासते, त्यामुळे हे पुढच्या रविवारवर ढकलू नका.

## टप्पा १० : वर्षभराची देखभाल

फिल्टर वर्षातून दोनदा काढा, मेच्या मध्याला आणि दिवाळीनंतर. धुवायचा प्रकार असेल तर धुणं मेमध्येच उरका. पाणी आतून बाहेर सोडा, बाहेरून मारलंत तर धूळ कापडात रुतते. सावलीत अख्खा दिवस वाळवा. हेअर ड्रायर किंवा कंप्रेसरची हवा मारू नका. तेलाचा फिल्टर असेल तर घडीच्या टोकांवर एकेक बारीक रेघ तेल सोडून अर्धा तास ठेवा, रंग सगळीकडे सारखा पसरला की जास्तीचं टिपून घ्या. नवा फिल्टर तेल लावूनच येतो, त्याला पुन्हा लावायचं नाही. कोरड्या फिल्टरला तर कधीच नाही.

पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी फिल्टरवर पाणी झटकणारा कापडी मोजा चढवा. तो शिंतोडे अडवतो, बुडालेला फिल्टर वाचवत नाही. बॉक्सच्या तळाला निचऱ्याचं भोक असेल तर दर पंधरा दिवसांनी काडी घालून मोकळं करा, पानाच्या एका तुकड्याने ते बुजतं. समुद्रकाठच्या फेरीनंतर इंजिन बे ओल्या फडक्याने पुसा, पाण्याचा जोराचा फवारा मारू नका.

## पाण्यात गाडी बंद पडली तर

पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. एकदाही नाही. जी इंजिनं मोडलेली येतात, त्यातली बरीचशी दुसऱ्या सेल्फला मोडलेली असतात. पहिल्यांदा इंजिन नुसतं गुदमरून थांबलेलं असतं.

गाडी ढकलून कोरड्यात घ्या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे न्यूट्रलला घेऊनच. बॅटरी सोडा. फिल्टर काढून हाताने दाबून पाहा. तो ओला निघाला किंवा पाइपमध्ये थेंब दिसले, तर टोइंगवाल्याला बोलवा. गाडी फ्लॅटबेडवरच चढवा, गिअरमध्ये ओढत नेऊ नका. गॅरेजमध्ये आधी सगळे स्पार्क प्लग निघतील, मग इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढतील, ऑइल दुधाळ झालंय का ते बघून बदलतील, आणि कॉम्प्रेशन मोजूनच स्टार्ट करतील. यातली एखादी पायरी गाळून "सुरू करून बघूया" म्हणणाऱ्याच्या हाती किल्ली देऊ नका.

इनटेक आणि फिल्टर पूर्ण वाळेपर्यंत गाडीला खोक्यात बांधून ठेवलेला जुना बॉक्स बसवा.